बंदूक गेली, माग राहिला

वैशाखी पौर्णिमेच्या संध्याकाळी येऊरच्या जंगलात ठाण्या-डोंबिवलीकडची काही हौशी मंडळी मचाणावर चढून बसतात. सोबत पाण्याच्या बाटल्या, पोळी-भाजीचा डबा आणि वनखात्यानं दिलेला तक्ता. अत्तर लावायचं नाही, भडक कपडे नकोत, बॅटरी मारायची नाही, बोलायचं तर नाहीच. खालच्या पाणवठ्यावर जे जनावर येईल त्याची जात, संख्या आणि वेळ चांदण्यात ओळखून लिहायची. उन्हाळ्याचे दिवस, आटलेलं पाणी, वाऱ्याचा अंदाज, दम धरून बसणं: शिकारीची सगळी तयारी इथे आहे. बंदूक तेवढी नाही.

ती कधी गेली असं विचारलं तर बहुतेक जण १९७२ सांगतात. ते अर्धंच खरं. त्या वर्षीच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीचे परवाने होतेच. चितळ, सांबर आणि भेकर तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे ‘मोठ्या शिकारी’त मोडत. परवान्यांची कलमं निघाली ती १९९१च्या दुरुस्तीत. नुसता हाका घालणं किंवा फासा लावणं हीसुद्धा कायद्याच्या लेखी शिकारच.

हाका म्हणजे काय, हे ठाण्याच्या जंगलपट्टीला वेगळं सांगायला नको. साहेब, जमीनदार किंवा शहरातला हौशी बंदूकवाला मोक्याच्या जागी बसायचा आणि ठाकर, कातकरी, वारली डबे बडवत, आरोळ्या ठोकत रान उठवायचे. पण नुसत्या गोंगाटानं सावज हवं तिथे येत नाही. सांबर कुठल्या ओहोळातून निसटेल, भेकराची रोजची वाट कुठली, मोहाची फुलं गळू लागली की पहाटे कुठल्या झाडाखाली खुरांचे ठसे उमटतात, हे हाकेवाल्यांना ठाऊक असायचं. शिंगं मात्र दिवाणखान्याच्या भिंतीवर लागत, आणि तिथे नाव एकट्या बंदूकवाल्याचं.

जंगल कोणाचं हा वाद शिकारबंदीहून जुना. १८७८च्या वन कायद्यानं राखीव जंगलांची पकड घट्ट झाली. गायरानं आणि रानं गिळणाऱ्या नव्या वनखात्यावर जोतीराव फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कोरडे ओढले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या, की मुंबई सरकारला त्याच दशकात चौकशी आयोग नेमावा लागला. पुढे सुमारे सव्वाशे वर्षांनी, २००६च्या वनहक्क कायद्यानं आदिवासींना कसायची जमीन, गौण वनोपज, चराई असे बरेच हक्क दिले, पण पारंपरिक हक्कांच्या कलमातून शिकार स्पष्ट शब्दांत वगळली. तेव्हा रान काही अंशी गावाचं झालं असेल, हरीण सरकारचंच राहिलं. अगदी मेलेलं भेकर वाटेत सापडलं तरी ती राज्य सरकारची मालमत्ता. ताब्यात घेतलं तर अठ्ठेचाळीस तासांत कळवायला हवं.

अमेरिकेत याच्या उलट. तिथे सरकारी जमिनीवर परवाना काढून हरीण मारणं हा सामान्य माणसाचा हक्क समजला जातो. १९३७च्या एका कायद्यामुळे बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळतो. शिकारी आपल्या हौसेतूनच जंगल पोसतो, असा तिथला हिशोब. पण तिथल्या बऱ्याच राज्यांतून लांडगे कधीच संपले आणि हरणं बेसुमार वाढली, म्हणून तिथे शिकारी चालतो. ठाण्याला हा हिशोब लागू पडत नाही. येऊर ज्यात येतं ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं, भोवती शहराचा वेढा आणि आत बिबटे दाटीनं. इथे परवाने वाटायला काढले तर पहिला अर्ज बिबट्याचा येईल. नोव्हेंबर २०२२मध्ये कल्याण पूर्वेला चिंचपाड्यात बिबट्या इमारतीत शिरला तेव्हा सारं शहर हादरलं. असं वारंवार घडू द्यायचं नसेल, तर बिबट्याच्या ताटातलं चितळ माणसानं उचलणं कोणालाच परवडणारं नाही.

तरी चोरटी शिकार थांबलेली नाही. मोटरसायकलच्या क्लचची वायर, तिची सरकगाठ, एक खुंटी; जनावराच्या वाटेवर, झुडपाच्या आडोशाला. खर्च जवळपास शून्य. फासा भेकरासाठी लावलेला असतो, पण अडकणाऱ्याची जात तो विचारत नाही, आणि कित्येकदा बिबट्याच सापडतो. असे फासे हुडकायला खात्याला कोण लागतं? ज्याच्या आज्यानं हाका घातला तोच. आता तो वनमजूर असतो, नाहीतर रोजंदारीवरचा वाटाड्या. बंदी योग्यच होती, यात शंका नको. खटकतं ते एवढंच, की मारण्याचा हक्क काढून घेताना माग काढण्याच्या विद्येची किंमतही रोजंदारीनं ठरवली गेली.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी मचाणावरून उतरतात, डोळे चोळत. पाड्यावरचा माणूस पाणवठ्याच्या चिखलाशी उकिडवा बसतो. बोटाच्या पेराएवढे, पुढे निमुळते दोन खूर. कडा अजून ओल्या. ‘भेकर. पहाटेचं. तुम्ही झोपला होता,’ तो म्हणतो. मंडळी तक्ता चाळतात. रकाना ‘दिसलेल्या’ प्राण्यांचा असतो.