फळ्यावरचा गुणाकार

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७.

ही एकवीस अंकी संख्या म्हणजे २ चा ६७वा घात वजा १. मेर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १६४४ साली अशा मूळ संख्यांची यादी छापली, त्यात हीसुद्धा होती. १८७६ मध्ये एद्वार ल्युकाने ती मूळ नसल्याचं दाखवलं. गंमत म्हणजे तिला कशाने भाग जातो, हे त्यालाही माहीत नव्हतं.

असं कसं? त्याच्या पद्धतीचं आजचं रूप चार ओळींच्या कोडमध्ये बसतं. ४ घ्या. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. त्या बाकीवर पुन्हा तेच, असं ६५ वेळा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ. इथे येत नाही. विषय संपला, पण अवयव वाटेत कुठेच भेटत नाहीत.

ऑक्टोबर १९०३, न्यूयॉर्क. गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल उठला. फळ्याच्या एका बाजूला त्याने घात काढून १ वजा केला. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ केलं. दोन्ही उत्तरं जुळली, आणि तो चकार शब्द न काढता जागेवर जाऊन बसला. टाळ्या! हे शोधायला किती वेळ लागला, असं नंतर विचारल्यावर म्हणे, ‘तीन वर्षांचे रविवार.’ ही गोष्ट एरिक टेंपल बेलची. बेल गोष्टी रंगवून सांगायचा, तेव्हा थोडा मीठमसाला वजा करा. गुणाकार मात्र अस्सल आहे. फोनचा कॅल्क्युलेटर बहुधा शेवटचे अंक खाईल, वहीवर करून बघा.

आज लॅपटॉप हे अवयव डोळ्याची पापणी लवायच्या आत काढतो. मग कोलचे रविवार वाया गेले का? मला तसं वाटत नाही. ल्युकाचं उत्तर तपासायचं तर आधी त्याची पद्धत का चालते ते समजून घ्या, मग सगळी आकडेमोड पुन्हा करा. कोलचं उत्तर सातवीतलं पोरही तपासेल. शोधायचे कष्ट त्याने स्वतः उपसले आणि आपल्यासाठी फक्त एक गुणाकार ठेवला.

आमच्या धंद्यात हे उलटं चालतं. कर्जाचा अर्ज भरला की स्क्रीनवर येतं, ‘आपण पात्र नाही.’ का, ते येत नाही. मीटिंगमध्ये कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं: मॉडेल बरोबर आहे ना, मग झालं. ल्युकाची निदान सिद्धता तरी मांडलेली होती, शिकेल त्याच्यासाठी खुली.

प्रत्येक गोष्टीचा असा सुटसुटीत गुणाकार दाखवता येत नाही, हेही खरं. २ चा १२७७वा घात वजा १ ही ३८५ अंकी संख्या मूळ नाही हे पक्कं ठाऊक आहे, आणि आजच्या यंत्रांनाही तिचा एकही अवयव सापडलेला नाही. तिच्याबाबतीत ‘दाखवा’ म्हणून हटून बसणं अन्यायाचं होईल. कर्जाच्या अर्जात मात्र पगार, जुने हप्ते, वय असे मोजके रकाने असतात, आणि कुठल्या रकान्यावर गाडी अडली ते बऱ्याचदा आमच्याच लॉगमध्ये पडलेलं असतं.