एकनाथांचे ग्रंथशोधन आणि कृतार्थतेचा प्रश्न

जन्माला येऊन जे करावयाचे ते झाले, ही जी तृप्ती तिला कृतार्थता म्हणतात. आणि ती माणसाच्या स्वतःच्या कर्तृत्वातून येते की कर्तृत्व ओलांडल्यावर लाभते, या प्रश्नाचा विचार करताना पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, केलेले ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण दुर्लक्षिता येत नाही. तोवर त्यांना ग्रंथकार म्हणून काही सिद्ध करावयाचे उरले नव्हते. ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहून झाले होते, आणि भागवताच्या एकादश स्कंधावरील विस्तृत टीका शके १४९५ मध्ये काशीत पूर्ण झाली होती. असा पुरुष सुमारे तीनशे वर्षांपूर्वीचा दुसऱ्याचा ग्रंथ पुढ्यात घेतो, नकलाकारांच्या हातून त्यात शिरलेले पाठभेद, म्हणजे एकाच ओवीची पोथीगणिक बदललेली रूपे, पारखतो आणि मूळ शब्दापर्यंत पोहोचण्यासाठी कष्ट घेतो. या कामाचा स्वभावच असा आहे की ते जितके उत्तम होईल तितके ते करणारा दिसेनासा होतो, कारण वाचकाला भेटतात ते ज्ञानेश्वर.

याला आत्मविलोपन म्हणणे अपुरे आहे. गीतेचा अठरावा अध्याय त्यागाचे प्रकार सांगताना देहकष्टाच्या भयाने कर्म सोडणे राजस ठरवतो आणि विहित कर्म आसक्ती व फळ सोडून करणे सात्त्विक. आणि पुढे सात्त्विक कर्त्याची लक्षणे देताना, ‘मी केले’ असे न म्हणण्याबरोबरच धैर्य आणि उत्साह यांचीही अपेक्षा धरतो. निष्काम कर्माच्या चर्चेत या उत्साहाकडे फारसे लक्ष जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे, कारण फळाची आस सुटली की कामाची धार बोथट होते हा समज त्यामुळेच टिकून राहतो. अक्षर न् अक्षर तपासणाऱ्या शोधकाची धार बोथट असून चालतच नाही.

एकनाथांनी आपले नाव लपवलेही नाही. ग्रंथाच्या शेवटी शक, तारण नाम संवत्सर आणि आपले नाव त्यांनी नोंदवले आहे. मात्र ही नोंद श्रेयाची मागणी करीत नाही, पाठ कोणी व केव्हा निश्चित केला याची जबाबदारी ती स्वीकारते. श्रेय आणि जबाबदारी यांतला हा भेद कृतार्थतेच्या चर्चेत निर्णायक मानला पाहिजे. श्रेयावर पोसलेली तृप्ती पुढच्या टीकाकाराला भिते. जबाबदारी पत्करणारा मात्र आपले काम तपासणीसाठी खुले ठेवतो, आणि तसे ते झालेही: १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, भाषेच्या जुनेपणाचा प्रश्न उभा केला, आणि एकनाथांचा पाठ मूळच्या किती जवळचा हा वाद अभ्यासकांत सुरू झाला. त्या वादात एकनाथांचा एखादा शब्द बाजूला पडला, तरी ज्या ग्रंथासाठी त्यांनी श्रम केले त्याचे त्यात काहीच उणे होत नाही.