‘मग बघू’ म्हणजे उत्तर नव्हे

मान वर कर आणि सांग, बीएस्सी नर्सिंगच्या सीईटीचा अर्ज भरलास का? नाही ना? दोनदा बजावलं होतं. वर तू म्हणतेस, “बाई, मैत्रीण एएनएम करतेय, मीपण तेच करते. पुढचं मग बघू.”

तुझ्या मैत्रिणीने आर्ट्स घेतलंय. बीएस्सी नर्सिंगचं दार तिला बंद आहे, एएनएम-जीएनएमचं उघडं आहे. तिने बरोबर निवडलं. तुझ्याकडे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी सगळं आहे. खुल्या गटालाही लागतात 45 टक्के, तुला पूर्वपरीक्षेत 61 आहेत. मग तिच्या मागून का चाललीस?

तुझं ‘मग बघू’ मोजून दाखवते. एएनएमची 2 वर्षं, जीएनएमची 3, पोस्ट बेसिक बीएस्सीची 2. झाली 7. थेट बीएस्सी 4 वर्षांची. शिवाय प्रत्येक पायरीला नवा प्रवेश, नवी फी. आणि पहिल्याच पायरीवर अडकलीस तर? एएनएमची नोंद सहाय्यकारी परिचारिका प्रसविका म्हणून होते. पूर्ण परिचारिका म्हणून परिचर्या परिषदेत नाव लागतं ते जीएनएम किंवा बीएस्सी झाल्यावरच. हे ठाऊक होतं? नव्हतं. विचारलंस कुणाला? तेही नाही.

एएनएमला मी कमी लेखत नाही. उपकेंद्रातल्या ताई घरोघरी फिरून लसीकरण करतात, गरोदर बायकांची काळजी घेतात. त्या कामाची ओढ असेल तर तसं सांग, अर्ज मी स्वतः भरून देईन. पैशांची अडचण असेल तर तीही सांग. जीएनएम करून नोकरीला लागायचं, चार पैसे गाठीला बांधायचे आणि मग पोस्ट बेसिक करायचं, हा शहाणपणाचा रस्ता आहे. रेवसहून मुंबईची लाँच बंद असली की आपण पेणवरून वळसा घालून मुंबई गाठतोच, तसंच हे. पण धक्क्याला लाँच लागलेली असताना कुणी पेणची एसटी धरतं का?

खरं कारण मला कळतं. सीईटीची भीती वाटते, आणि ती झाकायला मैत्रिणीचं नाव पुढे केलंस. भीती वाटण्यात लाज नाही. ती लपवण्यापायी 3 वर्षं घालवणं, याचा मला राग आहे. तुझी आई पहाटे धक्क्यावर मासळी घेते. पाटी डोक्यावर घेण्याआधी भाव ठरवते की ‘मग बघू’ म्हणते? तिच्या कष्टाच्या पैशावर शिकणार आहेस, तर हिशेबही तिच्यासारखा चोख ठेव.

उद्या शाळा सुटल्यावर आईला घेऊन ये. तिन्ही रस्त्यांची वर्षं, फी आणि नोंदणी कागदावर मांडू. तू ठरव, पण मोजून ठरव. आणि सीईटीचा अर्ज आज रात्रीच भर.