सोंग उघडं करून दाखवलेला कृष्ण

मी कीर्तनकार. उपरणं डोक्यावर ओढलं की यशोदा, कमरेला बांधलं की पेंद्या. श्रोते मला चांगले ओळखतात, तरी आख्यान रंगलं की डोळे टिपतात. म्हणून दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’ या चित्रपटाची (१९१९) सुरुवात मनातून जात नाही.

कृष्ण झाली होती त्यांची लहानगी लेक मंदाकिनी. फाळके आधी नुसता तिचा चेहरा दाखवतात, त्यावर एकामागून एक भाव येतात. मग त्याच चेहऱ्यातून कृष्णाच्या वेशातली ती उमटते. सोंग झाकायचं असतं, हा नाटकाचा धडा. (तिथे मिशी सुटली की संपलंच!) यांनी ते आधी उघडं केलं आणि मगच पोरीला कालियाच्या फण्यावर नाचवलं.

मग पडद्यावरच्या या कृष्णापुढे हात जोडणारा ते कुणाला जोडतो? पार्थिवपूजेतही माती आपल्यादेखत मळली जाते, पण तिथे प्राणप्रतिष्ठेचा मंत्र असतो. इथे मंत्राच्या जागी पाहणाऱ्याची राजीखुशी आहे, असं मला वाटतं. वेदान्ती याला अध्यास म्हणतील, म्हणजे दोरीवर साप भासावा तसा एका वस्तूवर दुसरीचा आरोप. मला ते पटत नाही. दोरीला साप समजणाऱ्याला दोरी दिसलेली नसते. फाळक्यांनी तर ती आधीच हातात दिली आहे. तरी कृष्ण दिसतो, त्याला भ्रम कसं म्हणायचं?