अधिकार आणि वतन

बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या मध्यवर्ती कारागृहाच्या भिंती 1923 साली उभ्या राहिल्या, तेव्हा त्या बांधणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे माणसाचे शरीर होते; भिंत किती उंच असावी, चौकी कोठे असावी, दिंडीदरवाजाची किल्ली कोणाच्या कमरेला असावी, या साऱ्या प्रश्नांची उत्तरे त्यांनी माणसाच्या उडीचा आणि हाताच्या पोचीचा अदमास घेऊन दिली. जानेवारी 2023 मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या नागपूरच्या कार्यालयात धमकीचे दूरध्वनी आले आणि ते याच कारागृहातून केले गेल्याचे तपासात निष्पन्न झाले. माणूस आत राहिला आणि शब्द बाहेर गेला. शब्द हा आकाशाचा गुण, आणि आकाश एक, विभु व अविभाज्य, असे आपल्या नैयायिकांनी मानले. बिनतारी लहरींचे भौतिकशास्त्र त्यांना ठाऊक नव्हते, परंतु ज्याला कुंपण घालता येत नाही अशा पदार्थाची कल्पना त्यांना होती, हे खरे.

हिंडलग्यातून निघालेला वेंगुर्ले रस्ता बाचीच्या पुढे शिनोळीला महाराष्ट्राच्या हद्दीत शिरतो. या टापूत गच्चीवर वा टॉवरवर इंटरनेटचा रेडिओ बसवायचा, तर पाच गिगाहर्ट्झचा जो पट्टा वापरतात, तो केंद्र सरकारने ऑक्टोबर 2018 मध्ये बव्हंशी परवानामुक्त केला. यंत्र चालू करताच ते देश विचारते. राज्य विचारत नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, आणि शिनोळीची लहर हिंडलग्याला पोहोचण्यास त्याच्या निकालाची वाट पाहत नाही, ही गोष्ट या भागातील मनुष्यास थोडी गमतीची व थोडी खिन्न करणारी वाटल्यावाचून राहत नाही.

या रेडिओचे रक्षण दोन ठिकाणी करावे लागते. हवेतून जाणारा मजकूर गुप्त ठेवणे हे पहिले. ते काम आजचे कूटलेखन बऱ्यापैकी करते. दुसरे ठिकाण यंत्राच्या कारभाराचे: दूर बसून त्याला हुकूम कोणी सोडावा, त्याची वारंवारता कोणी बदलावी, ग्राहकाची जोडणी कोणी तोडावी. येथेच बहुधा दार सताड उघडे असते. कारखान्यातून यंत्र एक ठरीव नाव आणि ठरीव पासवर्ड घेऊन येते, आणि तो माहितीपुस्तिकेत छापलेला असतो. जाळ्यावरील यंत्रांची देखरेख करणाऱ्या एसएनएमपी नामक पद्धतीच्या जुन्या आवृत्त्यांत तर वाचण्यासाठी ‘पब्लिक’ आणि लिहिण्यासाठी ‘प्रायव्हेट’ हे परवलीचे शब्द वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहिले, आणि तेही तारेवरून वा हवेतून उघडे प्रवास करीत. 2016 साली ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी प्रणालीने नाव-पासवर्डांच्या असल्या सुमारे 60 जन्मजात जोड्यांची यादी घेऊन लक्षावधी यंत्रांवर ताबा मिळविला. तिला कोठे कुलूप फोडावे लागले नाही.

जन्मजात हा शब्द मी मुद्दाम योजला. अधिकार कोणास, हा प्रश्न आपल्या दर्शनांत फार जुना आहे. जैमिनींच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय त्यालाच वाहिलेला आहे. ब्रह्मसूत्रांतील अपशूद्राधिकरणावर भाष्य करताना शंकराचार्यांसारख्या अद्वैती पुरुषानेही वेदाध्ययनाचे दार जन्मावर बंद ठेवले. या व्यवस्थेचा अन्याय अनेकांनी सांगितला आहे. तिच्यातील तार्किक उणीव मात्र क्वचित सांगितली जाते. ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषापंडिताने 1883 साली लष्करी गूढलेखनावर लिहिताना असा दंडक घातला की, पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली, आणि ती हवी तेव्हा बदलता यावी. जन्म ही अशी किल्ली आहे की जी सर्वांस दिसते आणि जी बदलता येत नाही. विद्या मात्र लपवून ठेवावी लागते. म्हणजे जे उघडे असावे ते झाकलेले, आणि जे पालटता यावे ते अचल. कोणताही कसबी तंत्रज्ञ अशी मांडणी पहिल्या दिवशीच नापास करील.

शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतार्थ मराठीत आणून यांतील अर्धे काम केले: विद्या उघडी केली. उरलेले अर्धे वेगळ्या जातीचे आहे, कारण ज्ञान वाटल्याने घटत नाही, पण आज्ञेचे तसे नाही. रेडिओ कसा चालतो हे साऱ्या गावाने जाणावे. रेडिओ बंद करण्याचा हुकूम साऱ्या गावाने सोडू नये. जाणण्याचा अधिकार आणि हुकमाचा अधिकार यांची गल्लत जुन्या शास्त्रकारांनी केली, आणि सारे काही खुले असावे असे म्हणणारे आजचे काही सज्जन उलट दिशेने तीच करतात.

हुकमाचा अधिकार कसा असावा, याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. शिवछत्रपतींच्या गडांवर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे अंमलदार एकत्र कारभार पाहत. एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये हा त्यातला हेतू. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, महाराजांनी होता होईल तो अंमलदारांना वतने दिली नाहीत, रोख वेतन दिले. नेमणूक होती म्हणून बदली होती. पुढे सरंजाम वंशपरंपरेने चालू लागले आणि अधिकाराची मालमत्ता झाली. जो अधिकार परत घेता येत नाही त्याला अधिकार म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही; ते वतन होय. नोकरी सोडून गेलेल्या तंत्रज्ञाला आजही चालणारा पासवर्ड, हे असेच एक वतन, सनदेवाचून बसलेले.

एसएनएमपीची तिसरी आवृत्ती 2002 साली पूर्ण मानक म्हणून मान्य झाली. तीत प्रत्येकाचे स्वतंत्र नाव, ओळखीची पडताळणी आणि मजकुराचे कूटलेखन आहे. कोणी काय पाहावे आणि कोणी काय बदलावे याची वाटणीही आहे. केवळ पाहणारा आणि प्रत्यक्ष करणारा हा भेद मुंडकोपनिषदातील एकाच वृक्षावरच्या दोन पक्ष्यांची आठवण करून देतो. पण उपनिषदातील साक्षीला कोणाची परवानगी लागत नाही, कारण त्याला काही हवे नाही. माणूस साक्षी झाला की त्याला पाहण्याचीच चटक लागते; म्हणून पाहण्यालाही मर्यादा घालावी लागते.

अडचण लहान गावाची आहे. तेथे एकच तरुण टॉवरवर चढतो, तोच बिल गोळा करतो, तोच पासवर्ड ठेवतो; हवालदार, सबनीस, सरनोबत तिघेही तोच. त्याच्यावर साक्षी नेमावा, तर त्या साक्षीवर आणखी कोण, असा अनवस्थेचा दोष पंडित दाखवतील. व्यवहारात ही साखळी दुसऱ्या कडीपाशी थांबली तरी पुष्कळ झाले: रेडिओच्या नोंदी दुसऱ्या यंत्रात साठाव्यात, त्या यंत्राची किल्ली दुसऱ्या माणसाकडे असावी, आणि त्या नोंदींत ग्राहकाने काय पाहिले याचा मागमूसही नसावा, कोणता हुकूम कोणत्या नावाने केव्हा सुटला एवढेच असावे. हा दुसरा माणूस तंत्रज्ञ असण्याचे कारण नाही; वाचता येणारा आणि पहिल्याचा नातलग नसलेला कोणीही चालेल.