शरण आलेला मासा आणि विकत आणलेला मासा

महाभारताच्या वनपर्वात मनू आणि मासा यांची कथा आहे. नदीकाठी तप करीत असलेल्या मनूपाशी एक लहानसा मासा येतो आणि मोठ्या माशांपासून अभय मागतो. मनू त्यास घरी आणून मडक्यात ठेवतो. मडके अपुरे पडू लागताच विहिरीत नेतो. तीही पुरेना, तेव्हा गंगेत. आणि गंगाही पुरेनाशी झाल्यावर समुद्रात नेऊन सोडतो. पुढचा जलप्रलय व नौका सर्वांच्या स्मरणात असतात. त्यापूर्वीचे हे मासा वाहून नेण्याचे कष्ट मात्र कोणी फारसे सांगत नाही. गेल्या वर्षी आमच्या घरी खाऱ्या पाण्याची काचपेटी आली, तोवर आम्हीही त्याकडे लक्ष दिले नव्हते.

हट्ट नातवाचा होता, पण पैसे आम्ही दिले; तेव्हा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही. दोनशे लिटरांची पेटी, पंप, दिवा आणि सात किलो मीठ असा सरंजाम आला. हे मीठ स्वयंपाकघरातले नव्हे. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादी अनेक द्रव्ये असतात व ती सर्व या खास मिठात घातलेली असतात. लिटरास सुमारे ३५ ग्रॅम हे प्रमाण. ‘आपल्याला खंभातचे आखात जवळ असताना मीठ विकत कशाला?’ अशी शंका घरातल्या एका शहाण्याने काढली. तिथले गढूळ पाणी एकदा पाहून यावे, एवढेच उत्तर त्यास दिले. दुकानदार म्हणाला की पाणी एका दिवसात तयार होते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोन नारिंगी क्लाऊन मासे आणि एक निळा सर्जन मासा घेऊन आलो. चौथ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. आठवडा संपायच्या आत तिन्ही गेले.

नातवाने विचारले, ‘‘आजोबा, यांना आपण मारलं का?’’

‘आपल्याला ठाऊक नव्हते रे,’ असे आम्ही म्हणालो. उत्तर देताना ते आम्हांस पुरेसे वाटले; रात्री मात्र वाटेना. म्हणून कारण शोधू लागलो. माशाची विष्ठा व उरलेले अन्न कुजून पाण्यात अमोनिया होतो आणि तो माशाचे कल्ले जाळतो. समुद्रात, किंवा जुन्या मुरलेल्या पेटीत, एका जातीचे जीवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच असते. दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य होय. हे जीवाणू वाळूवर व दगडांवर वस्ती करतात आणि ती वस्ती बसावयास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या पेटीतले पाणी आरशासारखे स्वच्छ होते, पण ते पाणी अद्याप जिवंत झालेले नव्हते.

आता अजाणतेपणाचा बचाव पाहू. पाण्यातील अमोनिया तपासण्याचे औषध बाटलीत मिळते; त्याची किंमत त्या निळ्या माशाहून कमी होती. ज्या दुकानी मासे घेतले त्याच दुकानी, हाताच्या अंतरावर, ती बाटली होती. जे जाणून घेणे आपल्या हाती होते आणि केवळ उतावळेपणाने जाणून घेतले नाही, त्यास अज्ञान म्हणावे काय? दुकानदाराचे बोलणे खोटे होते, हे खरे. तथापि ते आम्हांस खरे मानावेसे वाटले, कारण पोराला व आम्हांलाही मासे उद्याच हवे होते.

मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांचे मत असे पडले की हा छंदच पाप आहे. दुसरे हसून म्हणाले, ‘‘ताटातला मासा चालतो, मग पेटीतल्याने काय केले?’’ आम्हांस दोघांचेही पटले नाही. ताटातल्या माशाला आपण ‘मी तुझा सांभाळ करीन’ असे म्हणत नाही. पेटीतल्यास, न बोलता, म्हणतो. समुद्रात माशाला मोठ्या माशाचे भय असते, पण पाणी बिघडले तर तो दुसरीकडे जातो. पेटीत त्याला जावयास जागा नाही, आणि ती जागा आपणच काढून घेतलेली असते. मनूकडे मासा आपण होऊन शरण आला होता, तरी मनूने त्याच्यासाठी गंगेपर्यंत पायपीट केली. आमचा मासा शरण आला नव्हता. त्यास आम्ही आणले होते. मग आमचे देणे मनूहून कमी की अधिक? तो निळा मासा वाढला तर सुमारे फूटभर होतो व त्यास दूरवर पोहण्याची सवय असते. तो जगला असता, तरी आमचे मडके त्यास अपुरेच होते.

या छंदाचा आरंभ इंग्लंडात झाला, त्याची हकीकत बोलकी आहे. १८४६ साली ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला नेले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतावे लागे. आणि हे काम बाईसाहेबांची मोलकरीण करी. त्या मोलकरणीस प्रवाळ आवडत होते की नाही, हे कोणी विचारल्याचे दिसत नाही. पुढे फिलिप गॉस यांच्या १८५४ सालच्या ग्रंथामुळे घरोघरी पेट्यांची लाट आली व हौशी लोकांनी किनाऱ्यावरची खडकांतली डबकी ओरबाडून रिकामी केली. गॉस हे भाविक व समुद्रजीवांवर मनापासून प्रेम करणारे गृहस्थ होते. आपल्याच लेखणीने झालेला हा नाश पाहून त्यांस फार विषाद झाला, असे त्यांच्या पुत्राने १९०७ साली लिहून ठेवले आहे. द्वेषाने नव्हे, प्रेमाने झालेली ही हानी होती, म्हणूनच ती आम्हांस अधिक बोचते.

आमची दुसरी खेप अशी झाली. पेटीत वाळू, दगड, खारे पाणी. मासा एकही नाही. चिमूटभर अन्न कुजू द्यावयाचे आणि आठवड्यातून दोनदा पाणी तपासून वहीत आकडा लिहावयाचा, हे काम नातवाकडे दिले. येणारे-जाणारे थट्टा करीत की पाहुण्यांना पाणी दाखविता काय! अमोनिया चढला, उतरला; मग नायट्राइट चढले. ते शून्यावर येण्यास पाच आठवडे लागले. त्यानंतरही मुलाने आपण होऊन आणखी एक आठवडा थांबू म्हटले, तेव्हा आम्हांस जे समाधान झाले ते पुढे मासे पाहूनही झाले नाही.

मासे कोणते, हाही प्रश्नच होता. खाऱ्या पाण्याचे शोभेचे बहुतेक मासे अजूनही समुद्रातून धरून आणलेले असतात, आणि फिलिपाईन्ससारख्या ठिकाणी १९६० नंतर त्यांस गुंगी आणण्यासाठी प्रवाळांवर सायनाईड फवारण्याची रीत पडली. क्लाऊन जातीची पैदास मात्र हौदांत होते; आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही ती साधली आहे. आम्ही तशी एकच जोडी घेतली. प्रवाळ व समुद्रघोडा घरात आणण्याचा प्रश्नच नव्हता. २००१ सालापासून कायद्याने त्यांस वाघाच्या पंक्तीस बसविले आहे.

मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिसाच्या वर गेला. गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो. पाणी आटे, पण मीठ आटत नाही. म्हणून रोज गोड्या पाण्याची भर घालावी लागे. एका रात्री वीज गेली ती चार तास आली नाही. आम्हांस जाग आली तेव्हा सूनबाई स्टुलावर बसून तांब्याने पेटीतले पाणी वर काढून पुन्हा उंचावरून ओतीत होत्या. त्यांस हा छंद कधीच नको होता. लंडनच्या त्या मोलकरणीची आठवण झाली आणि आम्ही ओशाळलो. तांब्या आम्ही घेतला. तासाभराने नातवास उठविले.

क्लाऊन मासा नीट ठेवल्यास दहा वर्षांहून अधिक जगतो. नातू आज अकरा वर्षांचा आहे. तो शिक्षणासाठी बाहेर पडेल तेव्हाही मासे इथेच असतील, आणि आमचे वय तर वाचकांस ठाऊकच आहे. यंदा दिवाळीत सर्वांस कोल्हापूरला लग्नास जावयाचे आहे. घरी मागे कोण राहणार, यावर रोज जेवताना बोलणे होते. सूनबाईंचे नाव कोणी घ्यावयाचे नाही, एवढे ठरले आहे.