एक पातेलं आणि तिघं जण



आजचा श्लोक: भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १३.

अर्थ थोडक्यात असा: यज्ञ करून उरलेलं अन्न जे खातात ते पापातून सुटतात; आणि जे फक्त स्वतःसाठी शिजवतात, ते पापच खातात. वाचताना जरा दचकायला होतं. रात्री साडेनऊला दमून घरी यायचं, स्वतःपुरतं काहीतरी करून खायचं. यात पाप कसलं?

आपल्यातल्या अनेकांच्या फ्लॅटवर होणारा एक पदार्थ घेऊन बघू. एकाच पातेल्यातला खिमा पास्ता. तेलात कांदा-लसूण परतायचा, पाव किलो खिमा घालून त्याचं पाणी आटेपर्यंत परतायचा, मग टोमॅटो, मीठ, तिखट. मटणाचा खिमा असेल तर आधी झाकण ठेवून नीट शिजू द्यायचा, चिकनचा लवकर होतो. त्यातच कच्चा पास्ता आणि तो बुडेल इतकं गरम पाणी. पास्ता वेगळा उकडून पाणी ओतून द्यायचं नसतं, त्यामुळे त्यातला स्टार्च पातेल्यातच राहतो आणि रस्सा आपोआप दाट होतो. शिवाय घासायला एकच भांडं! दमलेल्या माणसाला अजून काय हवं?

पण गंमत बघा, प्रश्न या सोयीतच आहे. पोळी-भाजी, वरण-भाताच्या जेवणात जे चालत नाही ते न वाढून घेता येतं. इथे खिमा एकदा पातेल्यात पडला की तो प्रत्येक घासात असतो. समजा फ्लॅटवर तिघं राहतात. एक मालवणचा, एक माळकरी घरातला, एक गुरुवार पाळणारा. आणि आज गुरुवार आहे. खिमा घालणारा हात त्या क्षणी तिघांच्या वतीने ठरवून टाकतो. "ज्याला चालत नाही त्याने बाहेरून मागवावं," हे म्हणणं अगदी सोपं. मला वाटतं, श्लोकातलं 'फक्त स्वतःसाठी' ते हेच. एकटं राहणारा माणूससुद्धा चारजणांची आठवण ठेवून शिजवू शकतो, आणि भरल्या घरातला माणूस फक्त स्वतःसाठी.

मग दोष काय तो मांस खाणाऱ्याचाच का? इथे महाभारताच्या वनपर्वातला मिथिलेचा धर्मव्याध आठवतो. तपस्वी कौशिक ब्राह्मण धर्म शिकायला त्याच्याकडे जातो आणि बघतो तर हा मांसाच्या दुकानात बसलेला! व्याध स्वतः प्राणी मारत नाही, मांस खातही नाही, पिढीजात धंदा म्हणून विकतो. तो कौशिकाला सांगतो की नांगर फिरतो तेव्हा जमिनीतले कितीतरी जीव मरतात. यावरून "मग काहीही खा" असा अर्थ काढायचा मोह होतो. पण आपलं काम घोर आहे हे तो आधीच मान्य करतो. तो फक्त इतकं दाखवतो की कुणाचंच ताट पूर्ण निष्पाप नाही. खिम्यामागे एक जीव आहे, हे उघड दिसतं. पास्त्याच्या गव्हामागेही नांगरलेलं शेत आहे, कुणाची तरी मेहनत आहे. देणं दोघांवरही आहे.

ते फेडायचं कसं? फार मोठं काही करावं लागत नाही. शिजवण्याआधी विचारायचं, "आज कोण कोण जेवणार?" पातेल्यात कांदा-टोमॅटोचा साधा पास्ता करायचा, बाकीच्यांचा वाटा आधी काढून ठेवायचा. खिमा वेगळ्या कढईत, त्याचा डावही वेगळा. एक कढई जास्तीची घासावी लागेल. आजच्या दिवसाचा यज्ञ तेवढाच समजा.

न खाणाऱ्यांकडेही काही मागणं आहे. मित्राच्या ताटाकडे बघून नाक मुरडायचं नाही. कौशिकाकडे तप होतं, तरी व्याधाकडे जावं लागलं ते रागामुळे आणि तपाच्या अहंकारामुळे.

आता अवघड भाग. स्वयंपाकघरात मांस शिजूच नये असं एकाला मनापासून वाटत असेल तर? तिथे वेगळी कढई पुरत नाही. कुणीतरी माघार घ्यावी लागते. ती आनंदाने घेतली तर त्याग. पण दर वेळी एकानेच घ्यायची असेल तर ती सक्ती होते, आणि सक्तीतून यज्ञ होत नाही. अशा वेळी बसून बोलावंच लागतं, वार ठरवावे लागतात.

आजचा संकल्प: गॅस पेटवण्याआधी एक प्रश्न विचारायचा, "हे कुणाकुणासाठी?" उत्तरात आपल्याशिवाय एक तरी नाव येऊ दे.

राम कृष्ण हरी 🙏